काठीचं दुसरं टोक

“हे धर,” मास्तर म्हणाले, अन् त्यांनी काठी माझ्यापुढे केली.

कवायतीची काठी होती. तेल पाजलेली, पिवळी. तिचं एक टोक वकीलसाहेबांच्या हातात होतं. दुसरं माझ्यासाठी. हॉलमधल्या बाकी साऱ्यांनी एकमेकांचे हात धरले होते. बाप, त्याचा पोरगा, मग दुसऱ्याचा बाप, त्याची पोरगी, अशी लांब साखळी. साऱ्यांच्या पायात चाकाचे जोडे. आमच्याही पायात तेच. पण आमच्यापर्यंत येऊन हात संपले.

वकीलसाहेब माझ्या मायकडे पाहून हसले. लय गोड हसले. “गैरसमज नको हं बाई. मी स्वतः काही मानत नाही. पण घरी आई आहेत.”

दहा वर्षांची पोरगी मी. मी काठी धरली.

पुस्तकी मराठी मलेही येते. आता मी शाळेत पोरांना तीच शिकवते. पण हे सांगाले बसली का ती जिभेवर टिकत नाही. त्या हॉलमधे माया आम्हांवर पुस्तकी मराठीतच केली गेली, म्हणून असेल.

गोष्ट अमरावतीची. आमच्या घरानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, त्याले दोन-तीन वर्षं झाली होती. बाप रेल्वेत गँगमन, बडनेऱ्याकडे लाइनवर. माय कापसाच्या जिनमधे. वैशाखात जिन बंद राहे अन् माय घरी. त्याच उन्हाळ्यात एका क्लबच्या हॉलमधे चाकाच्या जोड्यांचं, स्केटिंग म्हणतात त्याचं, शिबिर निघालं. गोऱ्या साहेबांच्या काळचा हॉल तो, खाली गुळगुळीत फरशी. पैसेवाल्यांची पोरं तर होतीच, पण नगरपालिकेच्या शाळांतूनही पळण्यात पहिलं आलेलं एकेक पोरगं घ्यायचं असं ठरलं. आमच्या शाळेत पहिली मी. आमच्या बाईंनी माझं नाव पाठवताना आडनाव पाहिलं नाही, का पाहूनच पाठवलं, काय माहीत.

नियम असा का पोरासोबत मायबापापैकी एकानं यायचं अन् त्यानंही जोडे घालायचे. मास्तर नागपूरचे. ते म्हणत, बापाले पडताना पाहिलेलं पोरगं पडाले भेत नाही. आमच्या बापाले सुट्टी कोण देते? मग माय आली.

बाकी सारे बाप होते. बायका भिंतीच्या कडेले खुर्च्यांवर बसत, पंख्यानं वारा घेत. चाकावर उभी राहिलेली बाई एकच, माझी माय. नऊवारी लुगडं, कासोटा कसलेला, पायात बापाचे गँगचे बूट. बूट लय ढिले, म्हणून पुढून कापूस कोंबलेला. जिनवालीले कापसाची काय कमी! बुटाखाली लोखंडी चाकं पट्ट्यानं आवळली अन् माय उभी राहिली, तशा खुर्चीवरच्या बायका तोंडाले पदर लावून हसल्या. वकीलीणबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

साखळी अशी चाले. मास्तर मधे उभे राहत, पहिल्याचा हात धरून जागच्या जागी फिरत. त्यांच्याभोवती सारी ओळ फिरे. मास्तरजवळचे हळूहळू सरकत. जसजसं टोकाकडे जावं तसा वेग वाढे, अन् टोकाले आमी. वकीलसाहेब, मग काठी, मग मी, मग माझा हात धरून माय. पहिल्याच वळणाले काठी घामट हातातून निसटली. मी अन् माय फरशीवरून घसरत थेट भिंतीले जाऊन आदळलो. मायचा गुडघा सोलला. माझा ओठ फुटला.

“गार्डाचा डबा सुटला रे,” कोणीतरी बोललं, अन् सारा हॉल हसला. त्या दिवसापासून आमचं नावच गार्डाचा डबा.

हात हातात असता त सुटलो नसतो. वकीलसाहेबांच्या उजव्या हातात त्यांचा पोरगा होता, त्याले ते कसे घट्ट धरत. काठी मात्र दोन बोटांत. शिबिर सुटल्यावर ती काठी दाराआड वेगळी उभी करून ठेवत. बाकीच्या काठ्या पेटीत जात.

घरी जाताना मी रडली. रस्त्यानं ऊन मी म्हणत होतं. मायचा गुडघा लुगड्याले चिकटला होता.

“मी नाही येत उद्या,” मी म्हटलं.

“काहून? पडतं म्हून, का काठी म्हून?”

“काठी म्हून.”

माय थांबली. मले कडुनिंबाच्या सावलीत घेतलं. “मंग पयले पडनं शिक. काठीचं मंग पाहू.”

अन् तिथीच तिनं मले आज्याची गोष्ट सांगितली. आजा गावात चावडीपुढून जाताना वाहणा काढून हातात घेत असे. लहानपणी कोणीतरी एकदा दरडावलं असेल. मग कोणी दरडावाले राहिलं नाही, चावडीवर कुत्रं बसलेलं असलं तरी आज्याचा हात आपोआप पायाकडे जाये. माय म्हणाली, “त्याचा हात शिकला होता. तुया हात काठी धरनं शिकला, त मी तुले काहाले जन्म देला?”

हे मले समजलं. तेवढं समजाले दहा वर्षं पुष्कळ झाली. आमी दुसऱ्या दिवशी गेलो.

काठी रोज होतीच. रोज ती पुढे आली, रोज मी धरली, अन् रोज धरताना मनात म्हटलं, हात, तू हे शिकू नको. माय मात्र भलत्याच गोष्टीत गुंतली होती. तिले खळं आठवलं. ज्वारीच्या खळ्यात मधल्या मेढीच्या खांबाजवळचा बैल उभ्या उभ्या फिरते, धावा लागते ते कडेच्या बैलाले. म्हणून कडेले तगडा बैल जुपतात. “आपल्याले कडेले जुपलं,” माय म्हणे, “त मंग धावू.” मग आमी सुटाले भ्यायचं सोडलं. काठी सुटली का गुडघे वाकवायचे, आंग पुढे टाकायचं, पाय मोकळे सोडायचे. पहिले भिंतीवर आदळत होतो, मग भिंतीले हात लावून थांबाले लागलो, मग भिंत यायच्या आधीच वळाले लागलो.

खोटं काहून बोलू, मले लय मजा ये. कानात वारा भरे. मायचा घट्ट्यांचा खरखरीत हात हातात, अन् दोघी मिळून अशा सुटत होतो का अपमान मागे कुठीतरी राहून जाये. बाकीच्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांना दोन्हीकडून हात होते. हात काढला का पाय थरथर कापत. वकीलसाहेबांचे तर सगळ्यात जास्त.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम ठेवला. मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, येणार होते, बाईसाहेबांना घेऊन. पताका लावल्या, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घातल्या. आमी जोडे आवळत होतो तेवढ्यात मास्तर काठी घेऊन आले.

काठी सजवली होती. लाल, हिरवा, पिवळा पतंगी कागद गोल गोल गुंडाळलेला, दोन्ही टोकांना झिरमिळ्या. वकीलीणबाईंनी घरी बसून स्वतःच्या हातानं केलं होतं म्हणे. मास्तर खूश होते. “बघ, किती छान झाली. साहेबांना वाटेल हा कवायतीचाच एक प्रकार आहे.”

शिवाशिव पाळणं गुन्हा आहे असा कायदा झाला होता. नुसती काठी पाहून साहेबांनी विचारलं असतं त पंचाईत. म्हणून कागद. ही अक्कल वकीलसाहेबांचीच, कायदा साऱ्या हॉलमधे त्यांनाच ठाऊक. इतके दिवस ती काठी निदान उघडी होती. काठीले काठी म्हणता येत होतं. आता तिच्यासाठी लोक टाळ्या वाजवणार होते, अन् आमी हसऱ्या तोंडानं ती धरायची होती. माझ्या आंगाची लाही झाली.

मायनं कागद बोटानं चाचपून पाहिला. “कागद चांगला हाय,” म्हणे. मास्तर हसत पुढे गेले. मग ती माझा पट्टा आवळाले खाली वाकली अन् माझ्या कानाशी बोलली.

“वळनावर सोड.”

साहेब आले, हार झाले, गाणं झालं. मग साखळी. मास्तर मधे, ओळ फिराले लागली. एक फेरा, दुसरा फेरा, वेग वाढला. खुर्च्यांपुढून गेलो तेव्हा बाईसाहेब झिरमिळ्यांकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या अन् टाळ्या पडल्या. वकीलसाहेब मागे झुकून काठी ओढून धरत होते. आज ती सुटू नये म्हणून दोन बोटांची पूर्ण मूठ झाली होती. वळण आलं. माझा हात बिलकुल घामेजला नव्हता. काठी निसटली नाही. मी सोडली.

आमी दोघी बाणासारख्या निघालो. मागे धपकन आवाज झाला. वकीलसाहेब तोल जाऊन फरशीवर बसले होते, सजवलेली काठी हातात, अन् त्यांच्या ओढीनं अर्धी ओळ एकमेकांवर पडली होती. आमी थांबलो नाही. भिंतीशी वळलो, खुर्च्यांच्या पुढून गेलो, पांढऱ्या खोळींच्या अगदी जवळून. मायच्या बुटाच्या चाकांचा खडखडाट मले अजून ऐकू येते. साऱ्या हॉलले एक पूर्ण फेरा मारला. त्या दिवशी कोणी गार्डाचा डबा म्हटलं नाही.

मग माय वकीलसाहेबांपाशी जाऊन उभी राहिली. बाकीचे एकमेकांना धरून उठले होते. वकीलसाहेबांचा पोरगा केव्हाच बाजूले झाला होता. त्यांना एकट्याले उठता येत नव्हतं. पाय टेकवला का चाक पळे अन् ते पुन्हा बसत. मायनं वाकून आपला उजवा हात त्यांच्यापुढे केला.

“घ्या साहेब. उठा.”

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. साऱ्या खुर्च्या पाहिल्या मी. त्यांची आई तिथी नव्हती.

मायचा हात तसाच पुढे. वकीलसाहेबांनी काठी फरशीवर रोवली अन् तिच्या आधारानं उठाले गेले. काठी सरकली, कागद टरकला, आतून पिवळी काठी दिसली. ते पुन्हा बसले. तोंड लालबुंद झालं. हळूच म्हणाले, “राहू द्या बाई.”

मायनं हात मागे घेतला. “बसा मंग,” म्हणे.

मोठ्या साहेबांनी सगळं पाहिलं. आतली काठीही पाहिली. कायदा त्यांच्याच कचेरीत होता. त्यांनी कोणाले काही विचारलं नाही. पुढचं गाणं सुरू झालं, त्यांनी मान डोलावली, चहा घेतला. आमाले मास्तरनं दाराशी नेऊन चाकं काढाले लावली. म्हणाले, तुम्हांला संधी दिली अन् तुम्ही अशी परतफेड केली. मायनं सावकाश पट्टे सोडले, चाकं त्यांच्या हातात दिली, बूट मात्र पायातच ठेवले. पदकं वाटताना माझं नाव वगळलं. चाकाचे जोडे त्यानंतर मी कधीच घातले नाहीत, अन् त्याचं मले आजही वाईट वाटते. लय चांगलं जमत होतं मले.

रस्त्यात मी मायले विचारलं, “त्यानं हात धरला असता त?”

“त उठोला असता,” माय म्हणाली. तिले त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढे मी शिकली. मास्तरकीच्या ट्रेनिंगले अकोल्याले गेली. वसतिगृहाच्या बाई दारातच भेटल्या, पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलल्या. “तुमच्या मुलींसाठी मी मुद्दाम वेगळी खोली ठेवली आहे. हवेशीर आहे. पडदेसुद्धा नवे लावलेत.” पडदे खरंच नवे होते, लाल-हिरव्या फुलांचे. मले पतंगी कागद दिसला. मी ट्रंक उचलली अन् मोठ्या खोलीत नेऊन दोन खाटांच्या मधे ठेवली, जिथी बाकीच्या साऱ्या पोरी होत्या. बाई मागून आल्या. म्हणाल्या, अगं, इथे तुला अवघडल्यासारखं होईल.

मी म्हटलं, “मले नाही होणार, बाई. ज्याले होईल त्यानं हवेशीर खोलीत जावं.”

दोन पोरी गेल्या. बाकीच्या राहिल्या. माझी खाट मधेच राहिली.

आता मी शाळेत शिकवते. काठ्या अजून येतात माझ्यापुढे. चहाचा फुलाफुलांचा वेगळा कप येते. सभेत शेवटची खुर्ची येते, वर म्हणतात, तुमच्यासाठीच राखून ठेवली. ‘तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हो’ असं कौतुक येते. मी पहिले कागद फाडून पाहते. आत काठी असली त धरत नाही, देणारा कितीही मोठा असो, कितीही गोड हसो. माझ्या वर्गातल्या पोरांच्या हाताले मी ती शिकू देणार नाही. माझा हात मोकळा आहे. मी तो पुढे करते, सगळ्यांदेखत. घेतला त उठवते.

नाही घेतला, त बसा मंग.