हॉलची जमीन

वडील जाऊन महिना झाला. काल त्यांच्या टेबलाला जवसाचं तेल लावलं आणि त्या वासाने जव्हारचा इंग्रजी अमदानीतला हॉल आठवला. १९७०च्या सुमारास तो गावासाठी दुरुस्त झाला, तेव्हा शाळामास्तर असलेले माझे वडीलच समितीचे चिटणीस होते. त्याची लाकडी जमीन साखरशेतच्या वारल्यांनी चार महिने घासून, तेल पाजून चमकवली होती. उद्घाटनाला त्यांचाच तारपा नाच ठरला होता.

वडिलांनी त्यांना दारातच अडवलं. "बाहेर पटांगणात नाचा. तुमच्या पायांनी जमीन खराब होईल."

तारपा वाजवणारा सोन्या म्हणाला, "घासताना ह्याच पायांवर बसलो ना मास्तर? तवा नाय झाली खराब?"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

सोन्याने तारपा तोंडाला लावला आणि तो वाजवतच रस्त्याला लागला. नाचणारे तारप्याला कधी पाठ दाखवत नाहीत. हातात हात गुंफलेली सगळी रांग त्याच्यामागे निघून गेली. खुर्च्यांवर आम्ही दहा-बारा जण उरलो.

"बरं झालं, जमीन वाचली," वडील म्हणाले.

मी तेव्हा कॉलेजात होतो, समतेवरची पुस्तकं वाचत होतो. मी हसून मान डोलावली. वडील गेले तेव्हा मला रडू आलं नाही. इतकी वर्षं सगळा राग त्यांच्यावर काढत आलो. पण ती मान माझीच होती.