भोंगाबाईंचा मुका महिना

तिसरीच्या बाईंना सगळी शाळा भोंगाबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फार दबक्या आवाजात नाही. बाई नऊचा पाढा म्हणून घ्यायला लागल्या की पलीकडच्या गल्लीतला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरायचा आणि 'नऊ दाहे' झाल्यावरच पुन्हा टेकवायचा. शेजारच्या चौथीच्या वर्गात भिंतीतून तिसरीची उजळणी फुकटात व्हायची. चौथीच्या मास्तरांनी एकदा तक्रार करून पाहिली होती. बाईंनी फक्त "काय म्हणालात?" असं विचारलं, तेवढ्यावरच मास्तरांनी माघार घेतली.

लग्न होऊन आल्या तेव्हा बाईंचा आवाज चारचौघींसारखाच होता. पण सासूबाईंना कमी ऐकू यायचं आणि नवरा मुळातच कमी बोलायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात डोकं घालून बसणारा माणूस, त्याला घरी आल्यावरही टिकटिकीच्या वर आवाज काढायची सवय नव्हती. तेव्हा घर चालवायचं तर कोणीतरी आवाज चढवणं भाग होतं. बाईंनी चढवला, आणि तो पुन्हा खाली आलाच नाही. पुढे नोकरी लागली ती तिसरीच्या वर्गावर, त्यामुळे खाली यायची शक्यताही संपली. बाईंचं शिकवणं सरळ होतं: फळ्यावर लिहायचं, मोठ्यानं म्हणायचं, त्याहून मोठ्यानं म्हणून घ्यायचं.

एका दुपारी हजेरी घेताना बाईंनी पहिलं नाव उच्चारलं, तर गंजलेल्या बिजागरीसारखी नुसती करकर आली. वर्ग हसला. बाई "गप्प बसा" म्हणाल्या, त्यातला 'ग' तेवढा बाहेर पडला, बाकीचं आतच राहिलं. वर्ग आणखी हसला.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

बाईंनी रजेचा अर्ज लिहून हेडसरांपुढे ठेवला. हेडसर भरभक्कम अंगाचे, पोट आधी दारातून आत आणणारे. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांना घाम फुटला. बदली शिक्षक मिळणार नव्हता, म्हणजे तिसरी त्यांच्याच गळ्यात पडणार. आणि हेडसर बाकी कोणाला घाबरत नसले तरी तिसरीला घाबरत.

"बाई, तुम्ही रजा घेऊ नका," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "या आपल्या. नुसत्या बसून राहा. तुम्ही दिसलात तरी पुरे."

पण नुसतं दिसून भागलं नाही. पहिल्या दिवशी बाईंनी गळ्यात पाटी अडकवली आणि तीवर 'शांत बसा' असं लिहिलं. मागच्या बाकांवरच्यांना ते दिसलं नाही, पुढच्यांनी ते मोठमोठ्यानं वाचून दाखवलं. बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं, तर खडूची धूळ उडून त्यांनाच खोकला आला. सुट्टीपर्यंत कोणीतरी खिडकीत चढलं होतं आणि पैलवानानं, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोरानं, दोघांना एकदम पाठीवर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसाचा धडा होता वजनाचा. दरवर्षी बाई 'एक किलो म्हणजे हजार ग्रॅम' हे वाक्य छपराचे पत्रे हलेपर्यंत म्हणून घेत. यंदा ते कसं करायचं? रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी नवऱ्याच्या शर्टाचा हँगर काढून घेतला, त्याच्या दोन टोकांना सुतळीनं डब्यांची दोन झाकणं बांधली, पिशवीत बटाटे, बटणांचा डबा आणि साखरेचं किलोचं पाकीट टाकलं आणि शाळा गाठली.

हँगर खिडकीच्या गजाला लटकला. बाईंनी एका झाकणात बटाटा ठेवला. झाकण खाली गेलं. बाईंनी वर्गाकडे पाहिलं आणि बटणांचा डबा पुढे केला.

पहिल्यांदा उठली ती चिमणी. वर्गात सगळ्यात लहानखुरी, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. तिनं दुसऱ्या झाकणात एकेक बटण टाकायला सुरुवात केली. झाकणं समोरासमोर येईतो सगळा वर्ग खिडकीपाशी गोळा झाला होता. मग बटाट्याच्या जागी खोडरबर आलं, खोडरबराच्या जागी कंपास, मग पैलवानाचा बूट. पैलवानाचा बूट त्याच्या भरलेल्या डब्यापेक्षा जड निघाला, आणि त्याला त्याचा फार अभिमान वाटला.

वर्गात एक शंकासुर होता. त्याचे प्रश्न वर्षभर बाईंनी "गप्प बस" या दोन शब्दांवर निभावून नेले होते. तो म्हणाला, "बाई, एक किलोत अशी खोडरबरं किती बसतील?"

बाईंना ते माहीत नव्हतं. आणि गप्प बस म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यांनी खांदे उडवले आणि साखरेचं किलोचं पाकीट पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवलं. शंकासुरानं सगळ्या वर्गाची खोडरबरं जमा केली. ती पुरली नाहीत, म्हणून चौथीत जाऊन मास्तरांकडे मागितली. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणी जागचं हलेना.

तिथून बाईंची भीड चेपली. रोज दुपारी त्या घरातलं काहीतरी उचलून शाळेत आणू लागल्या. बादली, गाळणी, शिवणाची टेप, नवऱ्याच्या दुकानातलं एक मेलेलं घड्याळ. पाणी मापायच्या दिवशी व्हरांड्यात इतकं पाणी झालं, की शिपाईमामांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाईंनी स्वतःच फडकं हातात घेतलं. विती मोजायच्या दिवशी भांडण जुंपलं, कारण वर्गाची लांबी प्रत्येकाच्या हातानं वेगळी भरत होती. बाई मध्ये पडल्या नाहीत, पडताच येत नव्हतं. शेवटी पोरांनीच निवाडा केला, की एकाच कोणाची तरी वीत खरी धरायची. चिमणीची धरली. का, तर तिला उचलून कुठेही नेता येतं.

या सगळ्यात एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. वर्ग हळू बोलू लागला होता. त्यांचा चेहरा वाचायचा तर पोरांना त्यांच्याकडे बघावं लागे, आणि बघताना ओरडायचं राहून जाई.

घरी मात्र वेगळंच त्रांगडं झालं होतं. सासूबाईंना पाटीवरचं वाचता येईना, डोळेही कानांच्याच वयाचे. त्यामुळे बाईंचं बोलणं आता नवऱ्याला ओरडून सांगावं लागे. "आई, ती विचारतेय, औषध घेतलं का?" एवढं म्हणून तो दम लागल्यासारखा बसायचा. आणि सासूबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं, की सुनेनं अबोला धरलाय. डॉक्टरांचं सगळं त्यांना रोज समजावून सांगितलं जाई. त्या रोज ऐकून घेत आणि म्हणत, "ते सगळं खरं. पण माझं काय चुकलं, ते तरी कळू दे."

महिना संपला. डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि म्हणाले, "छान. बोला आता. पण बेतानं."

दवाखान्यामागच्या बोळात कोणी नाही असं बघून बाई हळूच म्हणाल्या, "नऊ एके नऊ." आवाज होता. त्यांनी 'नऊ दुणे'ही म्हणून पाहिलं. अगदी ठणठणीत होता.

त्या शाळेत आल्या. दारातून पाहिलं तर सगळा वर्ग एका बादलीवर वाकला होता, काय तरंगतं आणि काय बुडतं यावर पैजा लागल्या होत्या, आणि कोणाचं तोंड वर नव्हतं. बाई दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पर्समधून पाटी काढून त्यांनी पुन्हा गळ्यात घातली. उद्या सांगू, असं म्हणाल्या मनाशी. उद्या आला, तेव्हा परवावर ढकललं. घरीही सांगवेना. नवरा सकाळचा चहा करू लागला होता, ते काय वाईट होतं?

पण सासूबाईंचा चेहरा काही त्यांना बघवेना. एका सकाळी नवरा दुकानात गेल्यावर बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "आई, चहा टाकू का?"

सासूबाईंनी वर पाहिलं. "अर्धा कप," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "राग गेला वाटतं."

त्या दिवसापासून दोघींच्या सकाळी गप्पा रंगू लागल्या. महिन्याभराचं साठलेलं होतं, ते दोन्हीकडून ओतलं जात होतं. बाईंनी एकच बजावलं होतं, "यांना एवढ्यात सांगू नका." सासूबाईंनी मान डोलावली होती. पण त्यांच्या पोटात काही राहत नसे.

रात्री जेवताना त्या मुलाला म्हणाल्या, "तुझी कॉलर विरलीय. सून म्हणत होती."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "कधी म्हणाली?"

"सकाळी."

त्यानं बायकोकडे पाहिलं. बाई ताटात बघत होत्या. चूक सासूबाईंच्या लक्षात आली आणि ती निस्तरायला त्या घाईघाईनं म्हणाल्या, "म्हणजे तसं काही नाही रे. मला आपलं आतून ऐकू आलं."

नवऱ्यानं घास परत ताटात ठेवला. बाहेरचं ऐकू येत नाही त्या आईला आता आतून ऐकू यायला लागलं. रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं एका घड्याळाचा काटा उलटा बसवला, मग शटर ओढलं आणि सायकल काढून शाळेकडे निघाला. आईला कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, हे बायकोशी एकांतात बोलायला हवं होतं. पाटीवर का होईना.

शाळेच्या अंगणात तेव्हा तरफेचा धडा चालला होता. शाळेला रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्यांची लांबलचक फळी पोरांनी मागून आणली होती. तिच्याखाली विटा रचून त्यांनी आधी पाण्याचं पिंप उचललं होतं, मग पैलवानाला. ही फळी इथे कशाला, हे विचारायला हेडसर बाहेर आले.

"सर," शंकासुर म्हणाला, "चिमणी तुम्हाला उचलू शकते."

हेडसर पोट हलेपर्यंत हसले. "मला? ही?"

पोरं कामालाच लागली. विटा सरकवून फळीच्या एका टोकाजवळ आणल्या आणि सरांना त्या टोकावर उभं राहायची खूण केली. सर गंमत म्हणून राहिले. तोल सांभाळायला त्यांनी पैलवानाच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं टोक हवेत होतं, तिथे स्टुलावर चढवून चिमणीला बसवलं आणि स्टूल काढून घेतलं.

चिमणी सावकाश खाली आली. आणि हेडसर, रजिस्टर आणि पाकिटासकट, वर गेले. फार नाही, वीतभर. पण जमिनीपासून सुटलेले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग असं काही हसू फुटलं, की ते शाळेत कोणी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चिमणीच्या पायातली चप्पल निसटून पडली. ती घ्यायला तिनं एक पाय फळीवरून काढला.

बाईंनी पाहिलं. ती उतरली की सर धाडकन खाली येणार आणि ते टोक उसळून पोरीच्या हनुवटीवर बसणार. पाटीवर लिहायला वेळ नव्हता.

"चिमणे, जागची हलू नकोस!"

महिनाभर विश्रांती घेतलेला आवाज होता तो. पत्र्यांवरची कबुतरं उडाली. चौथीचा वर्ग आपसूक उभा राहिला. फाटकात नवऱ्याच्या हातून सायकल पडली. चिमणी एक पाय हवेत धरून पुतळा झाली, आणि हेडसरसुद्धा वरच्या वर तसेच.

बाई धावल्या, चिमणीच्या बाजूला फळीवर भार देऊन बसल्या, पोरांनी सरांना हात धरून उतरवलं, आणि मग फळी हळूहळू सोडली.

"बाई," शंकासुर म्हणाला, "तुम्हाला बोलता कधीपासून येतं?"

"आठवडा झाला," बाई म्हणाल्या. त्यांची नजर फळीवर होती.

हेडसर शर्ट खाली ओढत म्हणाले, "मग सांगितलं का नाही?"

"सांगायला लागले असते तर थांबले नसते, सर."

तेवढ्यात नवरा घामाघूम होऊन पुढे आला. सगळ्या वर्गाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे आई बरी आहे." एवढं बोलून तो मटकन विटांवर बसला. पोरांना त्याचा काही अर्थ लागला नाही. बाईंना लागला. त्यांना इतकं हसू आलं, की डॉक्टरांचं 'बेतानं' विसरून त्या मनसोक्त हसल्या.

त्या दिवसानंतर बाई वर्गात बोलू लागल्या, पण साध्या आवाजात, आणि पोरांचे हात कामात असले की तेही विसरून जात. आठवड्यातून एकदा मात्र पाढे पूर्वीसारखे खड्या आवाजात होत. बाईंना त्याशिवाय करमेना, आणि पोरांनाही कधीतरी घसा मोकळा करायला आवडे. शंकासुराचे प्रश्न वाढले. त्यातल्या अर्ध्यांना बाई "माहीत नाही रे, बघूया" म्हणत. घरी नवऱ्याला आईशी मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, ती सुटली नाही. सासूबाई आता सुनेकडे कुरकुर करत, "याला कोणीतरी जरा गप्प बसवा."

रंगकाम संपत आलं तशी एका दुपारी हेडसर तिसरीच्या दारात येऊन उभे राहिले. इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला.

"ती फळी रंगाऱ्यांनी नेली का हो?"

"नाही सर. उद्या नेणार आहेत."

"अच्छा," सर म्हणाले. "नाही, मी म्हटलं, धड्याची उजळणी झालेली बरी. मुलं विसरतात."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. चिमणीनं आधीच चपला काढून बाकाखाली नीट ठेवल्या होत्या.