गरम पाण्याचा बर्फ

डहाणूपासून तलासरीपर्यंत, आणि आत कासा-सायवनपर्यंत धरलं तरी, टीव्हीवर बर्फावरची हॉकी पाहणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहतो. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. पहाटे साडेपाचला मी डब्याच्या पोळ्या लाटायला घेते आणि पलीकडून शिव्या सुरू होतात. तिकडे अमेरिका-कॅनडात संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुसरा दिवस उजाडतो, हे मी गेली बावीस वर्षं शाळेत भूगोलाच्या तासाला शिकवते. ते ज्ञान माझ्याच स्वयंपाकघरात असं अंगावर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. बरं, शिव्या खेळाडूंना असतील तर समजू शकतं. माणसं क्रिकेट बघताना देतातच. काकांच्या शिव्या बर्फाच्या बाजूने असतात. "अरे नालायका, हळू वळ. किती खरवडशील?" असं कुणी पोटच्या पोरीची बाजू घेऊन सासरच्यांना बोलावं तसं ते बोलतात, आणि माझी पोळी करपते.

काका मूळचे सायवनकडचे. अठराव्या वर्षी खाली बंदरावर कामाला आले, तोवर त्यांनी बर्फ पाहिला नव्हता. मग पुढची एक्केचाळीस वर्षं दुसरं काही पाहिलं नाही. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात ते आधी आकड्याने लाद्या ओढायचे, आणि पुढे मशीनवर ऑपरेटर झाले. मासेमारीच्या होड्या निघायच्या त्या यांच्या लाद्या फोडून भरून घेऊनच. कारखाना बंद पडला, होड्यांना बर्फ बाहेरून यायला लागला, आणि जिथून लाद्या घसरत बाहेर यायच्या त्या दारातून आता चिकूची खोकी बाहेर येतात. काका त्या रस्त्याने जात नाहीत. बाजारात जायचं तर लांबचा वळसा घालतात, आणि रिक्षावाल्याने जवळचा रस्ता घेतला तर त्याच्याशी भांडून मध्येच उतरतात. काकू म्हणतात की हा स्वभाव नोकरीतून आलेला नाही, मुळातलाच आहे. स्वतःच्या लग्नात यांनी सरबताचा ग्लास उजेडात धरून पाहिला होता आणि बर्फ कच्चा आहे म्हणून सासऱ्यांना परत दिला होता.

घरी बसायला लागल्यावर रिमोटशी खेळताना एक दिवस त्यांना ते पांढरं मैदान दिसलं. तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी एकही सामना सोडलेला नाही, आणि त्यांना आजवर एकाही संघाचं नाव सांगता येत नाही. कोण जिंकलं हे विचारलं तर त्यांना राग येतो. रबराच्या त्या काळ्या चकतीकडे ते बघतच नाहीत. त्यांची नजर सदैव खाली, जमिनीवर. एखादा खेळाडू धाडकन आपटला, स्ट्रेचर आलं, प्रेक्षक उभे राहिले, तरी काका मान वाकडी करून तो जिथे पडला तिथे खड्डा पडलाय का ते बघत असतात. मारामाऱ्या तर त्यांना मुळीच खपत नाहीत. खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांच्या गळ्यात पडले की ते म्हणतात, "तापलेली माणसं एका जागी उभी करू नयेत. बर्फ सुटतो."

पहिले तीन महिने त्यांचं सगळ्यात मोठं भांडण त्या बर्फाच्या रंगाशी होतं. पक्का बर्फ काचेसारखा आरपार दिसतो. पांढरा दिसला की समजायचं आत हवा अडकलीय, म्हणजे कच्चा. कारखान्यात लादीच्या पोटात हातभर पांढरा पट्टा दिसला तरी होडीवाले तोंड वाकडं करायचे, आणि इथे अख्खं मैदानच पांढरंफटक. एवढी श्रीमंत माणसं, एवढे दिवे, आणि बर्फ कच्चा. रोज पहाटे तेच ऐकून मी इतकी वैतागले की एका रविवारी बसून शोधून काढलं. त्यांना जाऊन सांगितलं की काका, बर्फ आरपारच असतो, त्याच्या खाली पांढरा रंग मारलेला असतो, चकती नीट दिसावी म्हणून. आणि खालच्या नळ्यांतून मिठाचं गार पाणी फिरतं, तुमच्या कारखान्यातल्यासारखंच. मला वाटलं, आता तरी शांतता लाभेल. ते दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीतून आवाज आला, तो पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीतला. एवढा पक्का बर्फ करायचा आणि त्याला रंग लावून लपवायचा, ही काय अक्कल झाली?

पण त्यांचा खरा राग वेगळाच होता, आणि तो मला फार उशिरा कळला. काकांनी कारखान्यात एक गोष्ट शोधून काढली होती. पाणी आधी तापवून मग गोठवलं तर त्यातली हवा निघून जाते आणि बर्फ स्वच्छ येतो. घरी, पातेल्यात, त्यांनी ते करून पाहिलं होतं. त्यांनी ते मालकांना, म्हणजे शेठना, सांगितलं. शेठ सगळ्या कामगारांसमोर पोट धरून हसले आणि म्हणाले, "अरे, तुला बर्फ बनवायचाय की चहा?" त्या दिवसापासून बंदरावर काकांचं नाव 'बंब' पडलं. न्हाणीघरात पाणी तापवायचा असतो तो बंब. तीस वर्षं झाली, कारखाना गेला, ते हसणारे निम्मे कामगार गेले, पण आजही मासळी बाजारात कुणीतरी हाक मारतंच, "काय बंब, तापलं का पाणी?" काका त्या दिवशी मासे न घेता घरी येतात. काकूंना मग वरण-भात लावावा लागतो.

आणि त्या हॉकीत एक मशीन आहे. सामन्याचे तीन भाग असतात, मधे दोन मध्यंतरं. मध्यंतरात ट्रॅक्टरएवढं एक धूड मैदानावर येतं, खरवडलेला बर्फ तासून घेतं आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जातं. एकदा जाहिराती जरा लवकर संपल्या आणि ते मशीन दारातून बाहेर जाताना काकांना दिसलं. त्याच्या मागे वाफ होती. म्हणजे पाणी गरम होतं. काका ओरडले ते ऐकून मी लाटणं हातात घेऊनच पलीकडे धावले. मला वाटलं, त्यांना काही झालं. तोवर चित्र गेलं होतं. ते नुसते टीव्हीकडे बोट दाखवत होते.

तीन वर्षांत तेवढंच. कारण मध्यंतर म्हणजे जाहिराती. खेळणाऱ्यांचे घाम दाखवतील, प्रेक्षकांची तोंडं दाखवतील, आणि मशीन आत शिरायच्या क्षणी टूथपेस्ट. मग बनियन. मग भिंतीचा रंग. आधी मला काकांचा राग यायचा, पण त्या दिवसानंतर मलाही चॅनेलवाल्यांचा राग येऊ लागला, आणि पहाटे साडेपाचला एका भिंतीच्या दोन्ही बाजूंनी शिव्या जाऊ लागल्या. मी त्यांना फोनवर त्या मशीनचं चित्रण शोधून दाखवलं. पाहिलं त्यांनी, निरखून पाहिलं, आणि फोन परत दिला. म्हणाले, "बाई, हल्ली फोनात वाघ पोहे खाताना पण दिसतो. शेठ कशाला मानतील? चालू मॅचमध्ये दिसायला पाहिजे."

त्यांना साक्षीदार हवे होते म्हणून त्यांनी लोक बोलावून पाहिले. आमच्या शाळेचे पीटीचे सर हॉकी म्हटल्यावर एकदा मोठ्या उत्साहाने आले, बॉल कुठाय असं दोनदा विचारलं आणि चहा पिऊन गेले. बाकी कुणी आलंही नाही. लोक हसले. मला आपल्या गावाची ही खोड मुळीच आवडत नाही. जे आपल्याला कळत नाही त्याला हसून मोकळं व्हायचं.

या हिवाळ्यात केबलवाला येऊन सांगून गेला की पुढच्या महिन्यापासून ते चॅनेल बंद. मी त्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, मॅडम, अख्ख्या तालुक्यात ते लागतं असा एकच सेट आहे, बाकी कुणी बघत नाही. मी त्याला विचारलं की नववीच्या वर्गात टुंड्रा प्रदेशाचा धडा ऐकणारा एकच मुलगा असतो, म्हणून मी तो धडा गाळू का? त्याने गाळा म्हणून सांगितलं. तो माझाच विद्यार्थी, तेव्हाही शेवटच्या बाकावर बसायचा. मी आवाज चढवला, त्याने हात जोडले, चॅनेल काही परत मिळालं नाही. घरी येताना मला रडू येत होतं आणि त्याचाही मला राग येत होता.

महिन्यातला शेवटचा सामना एका शुक्रवारी होता. आदल्या दिवशी काका शेठच्या घरी गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. शेठ आता नव्वदीला टेकलेत, हल्ली घराबाहेर पडत नाहीत. काकांनी काय सांगितलं कोण जाणे, पण शुक्रवारी पहाटे सव्वापाचला रिक्षा आमच्या दारात थांबली आणि मफलर गुंडाळलेले शेठ काठी टेकत उतरले. काकांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. मी त्या दिवशी पोळ्यांना सुट्टी दिली.

पहिलं मध्यंतर आलं. टूथपेस्ट. बनियन. भिंतीचा रंग. शेठ म्हणाले, छान रंग आहे. काका दात-ओठ खात बसले होते, आणि मला तो टीव्ही उचलून समुद्रात टाकावासा वाटत होता. दुसरा भाग संपला. आता एवढीच एक संधी होती. पुन्हा टूथपेस्ट लागली, बनियन लागलं, आणि मग जाहिराती संपल्या. खरंच संपल्या. जो खेळ कुणी बघत नाही त्यात जाहिरात द्यायला कोण येणार? दाखवायलाच काही उरलं नसावं, म्हणून त्यांनी तिकडचं रिकामं मैदान तसंच सोडून दिलं. समालोचन नाही, अक्षरं नाहीत. नुसतं पांढरं मैदान, आणि त्यावर सावकाश फिरणारं ते मशीन.

मागे वाफ होती. मशीन एका टोकाला जाऊन वळलं, परत आलं, आणि त्याच्या मागचा ओला पट्टा दिव्यांखाली चमकला. काकांनी बोट दाखवलं नाही. शेठनी चष्मा पुसला, पुढे झुकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"गरम पाणी आहे, शेठ," काका म्हणाले.

"मने खबर हती," शेठ गुजरातीत म्हणाले. म्हणजे, मला ठाऊक होतं.

काकांनी वळून पाहिलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. माझ्या बापानेच सांगितलेलं. पण एवढं पाणी रोज तापवायला डहाणूचं जंगल पुरलं नसतं रे."

"मग तसं सांगायचं. हसलात कशाला?"

शेठ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "नाही म्हटलं असतं तर तू रोज भांडला असतास. हसलो, म्हणून गप्प बसलास."

मी खरं सांगते, त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याला रिक्षात कोंबून परत पाठवावंसं वाटलं. तीस वर्षं एका माणसाने मासळी बाजारातून रिकाम्या पिशव्या घरी आणल्या, आणि या गृहस्थांना सगळं ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलंच होतं. पण काका उठले. मला वाटलं, आता तीस वर्षांचा राग बाहेर पडणार, आणि पडावाच. ते आत गेले. भांड्यांचा आवाज आला. मग दारात येऊन उभे राहिले.

"चहा घेऊन जा, शेठ," ते म्हणाले. "पाणी तापलंय."

या वेळी शेठ हसले नाहीत. मशीन दारातून बाहेर जाईपर्यंत दोघांनी चहा घेतला. तिसरा भाग सुरू झाल्यावर काकांनी टीव्ही बंद केला. शेवटच्या सामन्यात कोण जिंकलं ते आम्हाला आजही माहीत नाही.

आता पहाटे साडेपाचला भिंत गप्प असते. माझ्या पोळ्या करपत नाहीत, आणि त्याने माझी चिडचिड होते. मासळी बाजारात परवा एका कोळणीने सवयीने हाक मारली, "काय बंब, तापलं का?" मी शेजारीच उभी होते, तिला चार शब्द सुनवायला सरसावले. काका "तापलं" म्हणाले आणि बोंबील निवडायला लागले.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे वाटीतून खीर पाठवली होती. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, एवढी रीत आमच्याकडे सगळेच पाळतात. काल दुपारी काका स्वतः वाटी घेऊन आले. वाटीत बर्फ होता. पाणी दोनदा उकळून, हळू गोठावं म्हणून वाटी माशांच्या थर्माकोलच्या खोक्यात बसवून, दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून केलेला. दारातूनच तक्रार करत आले, की कडेला एक बुडबुडा राहिलाय, या घरच्या फ्रीजना काही कळत नाही, आणि अशीच एक वाटी शेठकडेही पाठवलीय, त्यात तर दोन राहिले. बुडबुडा मला सापडला नाही. ते गेल्यावर मी वाटी घेऊन ओट्यावर बसले. माझ्या लग्नातली स्टीलची वाटी, आईने आत तळाशी माझं नाव घालून घेतलं होतं. घासून घासून पुसट झालेलं ते नाव मी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. बर्फातून ते स्पष्ट दिसत होतं, काना-मात्रेसकट. बर्फाचं पाणी होईपर्यंत मी ते वाचत बसले.