लाभधारक
डांबर तापल्याचा वास आला की मला बोळिंजमधल्या आमच्या मागच्या गल्लीतल्या काकांचे पेढे आठवतात. पुनर्विकासासाठी तिथला रस्ता रुंद होणार होता आणि पालिकेच्या नोटिशीत काकांना ‘लाभधारक’ म्हटलं होतं. “पयल्यांदाच सरकारनं आमाला कायतरी दिलं,” म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. तो खाता खाता मीच त्यांना खालचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, की रस्त्याचा खर्च लाभधारकांच्याच घरपट्टीतून वसूल होणार. काकांनी पेढ्यांचा पुडा बंद केला. मग म्हणाले, “पन रस्ता मांगितला कोनी?” रस्ता झाला तो त्यांच्या उंबऱ्याहून हातभर उंच. पावसाचं पाणी घरात शिरू लागलं, तसे काका घर विकून गेले. आज आमच्या दारासमोर डांबर तापतंय. आता लाभधारक आम्ही आहोत. पेढे कुणीच आणले नाहीत.