मुकादमांचे अंदाज

पुढच्या सालाबद्दल सांगण्यात आमच्या मुकादमांइतका चुकणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि चुकल्यावर इतका न लाजणाराही झाला नाही. अकोल्याच्या जिनमध्ये आम्ही बाया रेच्याच्या यंत्रावर बसून कापूस घालायचो, सरकी एकीकडे पडायची, रुई एकीकडे. त्या बाया गोळा करून आणायचं काम मुकादमांचं. दसऱ्यानंतर हंगाम सुरू व्हायचा, पण शेठजी पोळ्यापासूनच विचारायचे, यंदा माणसांचं कसं? मुकादम डोळे मिटायचे आणि सांगायचे. एका साली म्हणाले, लग्नं फार झाली, नव्या सुना घराबाहेर पडायच्या नाहीत. त्या साली फाटकावर एवढी गर्दी झाली की पहारेकऱ्याची टोपी हरवली ती सापडलीच नाही. एकदा म्हणाले, गावोगाव शाळा निघाल्या, लेकरं सांभाळणाऱ्या पोरी शाळेत जातील, मग आया कशा येतील? आया आल्या, लेकरंही आली, आणि जिनभर झोळ्या टांगल्या गेल्या. पुढच्या साली बायाच बाया येतील म्हणाले, तर साऱ्याजणी वेचणीला शेतात गेल्या आणि निम्मे रेचे बंद राहिले. शेठजी भडकले. मुकादम शांतपणे म्हणाले, "अंदाज बरोबर होता, शेठ. बायाच चुकल्या."

त्यांची खरी रीत मात्र वेगळीच होती. हंगामात कोण बाळंत होणार हे आधी कळावं म्हणून ते श्रावण-भादव्यात खिशात चिंच घेऊन दारोदार हिंडायचे. जी बाई झडप घालून चिंच घेईल ती यंदा कामाची नाही असं ठरवायचे. दर्यापूरकडच्या एका गावात सारी चिंच एका म्हाताऱ्या सासूनेच खाल्ली, आणि तिचा नवरा काठी घेऊन मुकादमांच्या मागे एसटीपर्यंत धावला. मुकादम पुढे कित्येक दिवस त्या म्हातारीची काळजी करत होते.

माझ्या चौथ्या खेपेला ते आमच्या दारात आले. माझ्या घरच्या मालकांची कंबर रुईच्या गाठी उचलताना गेली होती, ते खाटेवर होते, घर माझ्या एकटीच्या हातावर चाललं होतं. रेच्यावरून बाई उठली की तिच्या जागी दुसरी बसायची, आणि बसलेली कोणी उठत नसे. माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी मी गिळलं, मान फिरवली आणि म्हणाले, माझे दात आंबतात. मुकादमांनी चिंच खिशात परत ठेवली. फसला बाप्या, असं मी मनात म्हटलं.

पौषात एका दुपारी रेच्यावरच कळा सुरू झाल्या. बायांनी मला बैलबंडीत घालून घरी आणलं. पोरगी झाली. तिच्याकडे बघायच्या आधी माझ्या मनात आलं, जागा गेली. दोन दिवसांनी शेजारीण आली ती हसू आवरेना म्हणून दारातच बसली. तिने सांगितलं, माझ्या रेच्यावर मुकादम बसले होते. पागोटं काढून, नाकाला फडकं बांधून, बायांच्या रांगेत. जन्मभर आमच्यावर ओरडले, आता बाया त्यांना म्हणत होत्या, "हात चालवा, मुकादमीणबाई." शेठजी बघायला आले, तर मुकादमांनी सांगितलं की पुढच्या साली बाया कमी पडतील, म्हणून बाप्ये रेच्यावर चालतात का ते पाहून राहिलो. चालतात का, असं शेठजींनी विचारलं.

"अजून सांगता येत नाई, शेठ. घाई केली का अंदाज चुकते."

पाळणा झाला तशी मी झोळी घेऊन गेले आणि म्हणाले, उठा. ते लगेच उठले नाहीत.

"तुमाले ठाऊक होतं?" मी विचारलं.

"चिंचेपासून मान फिरवणारी बाई म्या दुसरी नाई पाह्यली, वयनी."

उठून त्यांनी अंगावरची रुई झटकली. इतके दिवस ते दुपारी बायांबरोबर जेवत होते. कोणी त्यांना ठेचा द्यायची, कोणी पिठलं, आणि सासवांच्या चहाड्या तर सगळ्याच ऐकवायच्या. त्यांच्या घरी बोलायला कोणी नव्हतं, बायको जाऊन फार वर्षं झाली होती. त्या दुपारी मी सरकून जागा केली आणि म्हटलं, या.

"आता कसा येऊ? मुकादम आहो मी."

ते पागोटं बांधून दाराशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. पण आमचं बोलणं ऐकू येईल, एवढ्याच अंतरावर बसले.