टँकर कोना शे

माझा एक मित्र धुळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि गिटार वाजवतो. सत्तरच्या दशकातला रॉक हे त्याचं वेड. यंदाच्या उन्हाळ्यात दुकानाच्या माळ्यावर त्याने मला एक चाल ऐकवली. जाड, घोगरी गिटार. मागे लग्नाच्या बँडमधून आणलेल्या की-बोर्डवर काढलेला ऑर्गनचा हुंदका. आणि माझ्या धाकट्या भावाचे ड्रम, मुद्दाम जरा मागे रेंगाळणारे.

"आवाज जुना, गाणं नवं," मित्र म्हणाला. "शब्द तू दे. फक्त पत्रक नको लिहूस."

मी पत्रकच लिहिलं. दुसरं काही मला येत नाही. आमच्या पलंगाखाली आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. गाणं अहिराणीत होतं, पाण्याचं. आमच्या वस्तीचे नळ कोरडे; आठवड्यातून एकदा टँकर थांबतो, एरवी भरलेले टँकर आमच्या दारावरून लग्नाच्या लॉन्सकडे जातात. धृपदाची ओळ होती: "टँकर कोना शे, बठ्ठासले माहीत शे." टँकर कुणाचा आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती.

वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात गाणं म्हणायचं ठरलं. त्याआधी एका दुपारी टँकरमालकाचा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला. पाणी मागितलं, प्यायला, पेला उपडा ठेवला.

"ताई, गाणं जोरदार आहे म्हणे."

"ऐकायला या."

"येणारच. भाऊ सरकारी कारखान्यात लागतोय ना? पोलीस पडताळणी बाकी आहे अजून." तो भावाकडे बघून हसला. "अशा दिवसांत माणसानं ढोल हळू वाजवावा."

तो गेला. एक गुन्हा नोंदला गेला, खोटा का असेना, की नेमणूक अडकते. आयुष्यभर मी "भिऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहीत आले होते, आणि आता त्याचा पेला पुन्हा पुन्हा विसळत होते.

आमच्या घरात एक नियम आहे, आबांनीच घातलेला. छापायला जाण्याआधी मजकूर सगळ्यांपुढे उभं राहून वाचायचा. कुणाला एखादी ओळ नको असेल तर त्याने तिच्या जागी स्वतःची ओळ द्यायची. नुसतं "काढा" म्हणायची मुभा नाही. संध्याकाळी मी गाणं वाचलं.

"ती ओळ काढ," आबा म्हणाले.

या माणसाने भर सभेत अधिकाऱ्याला उभं करून जाब विचारलेला मी पाहिला होता. आता ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"जागी कोणती?" मी विचारलं.

आबा छताकडे बघत म्हणाले, "पाणी जपून वापरू या."

"आबा, ही नगरपालिकानी भिंतवरनी ओळ शे," भाऊ म्हणाला.

आई भाकरी थापायची थांबली. "तुमचं काव्य होतंय. पोराचं काय होईल?"

भावाने तळवे पँटला पुसले. "मी देतो ओळ. टँकर कोना शे? माले भेव वाटस."

म्हणजे मला भीती वाटते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आई हलली.

"ही तर पहिलीपेक्षा वाईट आहे," आबा म्हणाले.

"खरी आहे पण."

याहून बरी ओळ कुणाकडे नव्हती. नियम होता. ओळ राहिली.

मंचावर मी त्या ओळीपर्यंत आले आणि माईकपासून मागे सरले. गिटार पुढे निघून गेली. भावानेच ड्रममागून ती म्हटली, गाण्यासारखी नाही, कुणी विचारल्यावर सांगावी तशी. पुढच्या सतरंजीवरच्या बायकांनी ती उचलली: "आमले भी भेव वाटस." मग मागचे पुरुष. टाळ्या पडत होत्या आणि मी मंडपाच्या खांबाला टेकलेल्या त्या माणसाकडे बघत होते. तो मोबाईल वर धरून गाणाऱ्यांचे चेहरे टिपत होता. एकेक, सावकाश.

पुढच्या आठवड्यात पोलीस पडताळणीला आला. त्याला दोन शेजाऱ्यांचे जबाब हवे होते, मुलगा सरळ आहे एवढंच सांगणारे. भाऊ आणि मी त्याच्यामागून गल्लीत निघालो. पहिल्या घरातून घरचे गृहस्थ गावाला गेल्याचं कळलं. त्यांची चप्पल दारात होती. दुसऱ्या घरी कडी आतून लागली. मंडपात मोठ्याने गायलेली एक बाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली, पोलिसाला म्हणाली, "लिहा काय लिहायचं ते," आणि सही केली.

"अजून एक लागेल," पोलीस म्हणाला.

आम्ही गल्लीत उभे राहिलो. भाऊ बंद दारांकडे बघत नव्हता, मी बघत होते. शेवटी गावाला गेलेले ते गृहस्थ बनियनवरच बाहेर आले, सही केली आणि आमच्याकडे मान न वळवता आत गेले.

त्यानंतर टँकर सही करणाऱ्या त्या दोन्ही घरांपुढे थांबत नाही, आमच्यापुढे मात्र थांबतो. आई आमच्यातली एकेक घागर त्यांच्या ओट्यावर ठेवून येते. भावाचं नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही.