झोपेच्या पुड्या

माजलगावच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, ते दिवस मोगलाईचे, निजामाच्या राज्याचे. रजिस्टर उर्दूत, रोगी मराठीत आणि बाटल्यांवरची अक्षरं इंग्रजीत. दिवसभर या तिन्हींच्या मध्ये माझी ये-जा चालायची. सकाळी नारूवाल्यांच्या पट्ट्या, मग हिवतापवाल्यांना कोयनेल, मग खरजेचं मलम. दुपारपर्यंत कंबर धरलेली असायची.

एका उन्हाळ्यात हैदराबादेहून डॉक्टरसाहेबांकडे झोपेच्या औषधाचा डबा आला. पांढरी, कडवट पूड. म्हाताऱ्या माणसांना ती कितपत लागू पडते, ते पाहून कळवायचं होतं. साहेब तिकडचेच, सडपातळ आणि कमी बोलणारे. झोप येत नाही अशी तक्रार घेऊन येणारी बारा म्हातारी माणसं त्यांनी निवडली. सहा जणांना खरं औषध, सहा जणांना दुधाची साखर, चिमूटभर कोयनेल घालून कडू केलेली. पंधरा दिवसांनी अदलाबदल. पुड्यांचा कागद एकच, आणि त्या बांधायच्या मीच.

"कोणाला काय दिलं, ते तोंडातून निघता कामा नये," साहेब म्हणाले. "माणसाला कळलं की इलाज खोटा पडतो."

दवाखाना उघडण्याआधी बाराही घरं फिरायची आणि तीनच गोष्टी विचारायच्या: डोळा कधी लागला, जाग किती वेळा आली, सकाळी डोकं कसं आहे. मग तक्त्यात भरायचं. गाव मोठं नव्हतं, पण बारा उंबऱ्यांवर बारा जणांची गाऱ्हाणी ऐकून मी दवाखान्यात पोचायचो तो दमूनच.

पेन्शनीतले एक जमादार होते. त्यांच्या वाट्याला साखर आली होती. तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "काय दवा हाय बे, मढ्यावानी पडलो." मी मान खाली घालून लिहून घेतलं. पुढे त्यांना खरं औषध सुरू झालं, तर ते रोज कुरकुर करायचे की पहिलीची सर हिला न्हाई. साहेबांना मी ते वाचून दाखवलं. ते हसले नाहीत.

खरं औषध मिळालेल्यांत मागवाल्यांच्या आळीतल्या एक आजी होत्या. घरात दोन माग, मुलगा आणि सून दिवसभर त्यावर. आजोबांना भ्रम झालेला, ते मुलालाही ओळखत नसत. आजींना सुनेनं दवाखान्यात आणलं होतं. "रातभर टक्क जाग्या असत्यात," एवढंच ती म्हणाली होती. का जाग्या असतात, ते साहेबांनी विचारलं नाही आणि मीही नाही. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

पहिले चार दिवस आजी सांगायच्या, बरं वाटतंय, अंग हलकं हाय. पाचव्या सकाळी गेलो तर दारात माणसं जमलेली. आजी जोत्यावर बसल्या होत्या, हातात सुताचा तुटका दोरा. मी फार थकलेलो होतो, एवढंच आता सांगू शकतो. काय झालं ते न विचारता सवयीनं म्हणालो, "आजी, जाग किती वेळा आली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदा बी न्हाई." मी तसं लिहूनही घेतलं.

मग सुनेनं सांगितलं. आजोबा उठून कुठंही निघून जातात, म्हणून आजी त्यांच्या पायाला दोरा बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायच्या. दोरा ताणला की उठायच्या. तीन वर्षं हे चाललेलं. त्या रात्री दोरा ताणला, तुटला, आजोबा निघून गेले, आजींना कळलंच नाही.

मी तक्ता कोनाड्यात ठेवला आणि मुलाबरोबर निघालो. नाले पाहिले, विहिरी पाहिल्या. विहिरीत वाकून पाहताना मुलगा डोळे मिटून घ्यायचा, म्हणून मीच वाकत होतो. ऊन चढल्यावर सिंदफणा नदीच्या वाळूत, कलिंगडाच्या वाडीत आजोबा सापडले. वाडीवाल्यानं त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. तळपाय काट्यांनी फाटलेले. मुलानं त्यांना पाठीवर घेतलं.

दवाखान्यात येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. आळीतून परत आणलेला तक्ता त्यांनी मागितला. त्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: गाढ झोप, जाग नाही. ती ओळ त्यांनी वाचली. मग स्वतः औषधाची पेटी उचलून माझ्याबरोबर आळीत आले. आजोबांचे पाय धुऊन पट्टी बांधली.

आजी म्हणाल्या, "सायेब, ती पुडी यांना द्या की. मला कावून देता?"

"यांचं काळीज कमजोर आहे, आजी. सोसणार नाही." मग साहेब म्हणाले, "मी आधी विचारायला पाहिजे होतं."

मुलानं दाराला आतून उंचावर कडी बसवून घेतली. आता आळीपाळीनं दाराशी झोपू, असंही तो म्हणाला. पण दिवसभर माग चालवलेला माणूस, त्याला कुठली जाग येते. आजींनी उरलेल्या पुड्या घेतल्या नाहीत, पुन्हा दोरा बांधला. अदलाबदलीनंतर त्यांच्या वाट्याची साखरेची पुडी मी नेऊन दिली आणि साहेबांचा शब्द मोडून सांगून टाकलं, "यात औषध न्हाई, नुसती साखर हाय." त्यांनी ती घेतली. तक्त्यात रोज जाग चार वेळा, पाच वेळा असं भरत गेलो. शब्द मोडल्याचं साहेबांना मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मालूम है."

त्यांनी अहवाल हैदराबादेला पाठवला. उत्तर आलं नाही. डबा संपला, पावसाळ्यानंतर साहेबांची बदली झाली.

आजोबा थंडीत तापानं गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. माग बंद होते. सून दारात येऊन हळूच म्हणाली, "सासूबाई झोपल्यात. उठवू का?"

नको म्हणालो, आणि पाय दुखत होते म्हणून थोडा वेळ जोत्यावरच बसलो.